तीन दिवसात पिंपल घालवणारी ट्यूब आधी उलटी करून वाचा

जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याला आमचं मेडिकल आहे, आजूबाजूला शाळा, क्लासेस, ज्युनिअर कॉलेज, त्यामुळे आठवी-नववीपासून पुढची पोरंपोरी काउंटरवर सारखी येत असतात आणि त्यातले बरेच जण तोंडाने काही बोलत नाहीत, फक्त मोबाईल पुढे करतात. त्यात एका ट्यूबचा फोटो असतो. 'दादा ही द्या, मैत्रिणीला तीन दिवसात फरक पडला.' हा लेख त्या तीन दिवसांबद्दल आहे. कारण पिंपल तीन दिवसात बरे होऊच शकत नाहीत, ते मुळात बनायलाच दोन महिने घेतात, आणि जे मलम तीन दिवसात चेहरा साफ करतं ते बहुतेक वेळा पिंपलचं औषध नसतंच. हे का, ते एकदा नीट समजलं की कुठली ट्यूब घ्यायची आणि कुठली नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल, म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

चेहरा, छाती, पाठ, खांदे इथल्या कातडीत केसाच्या प्रत्येक मुळाला लागून तेल बनवणारी एक बारीक ग्रंथी असते. हे तेल म्हणजे सीबम, ते केसाच्या नळीतून वर येतं आणि कातडी मऊ ठेवतं, म्हणजे ते वाईट नाही, पाहिजेच. वयात येताना अँड्रोजन हार्मोन वाढतात, मुलांमध्ये जास्त पण मुलींमध्येही वाढतात, आणि ह्या ग्रंथी मोठ्या होऊन तेल जास्त बनवायला लागतात. त्याच वेळी नळीच्या तोंडाशी ज्या मेलेल्या पेशी गळून पडायला पाहिजे त्या गळत नाहीत, एकमेकींना चिकटून तिथेच बसतात. आता आपल्या जिल्ह्यात ठिबक सिंचन कोणाला समजावून सांगायची गरज नाही. ड्रिपरच्या, म्हणजे पाणी ठिबकतं त्या तोटीच्या तोंडाशी क्षार बसला, चोकअप झालं आणि मागून मोटर चालूच आहे, तर काय होतं ते कुठल्याही केळीवाल्याच्या पोराला विचारा. इथे तेच होतं, मागून तेल येतंय, पुढे बूच बसलंय, नळी फुगते. तोंड बंद राहिलं तर कातडीखाली पांढरा दाणा दिसतो तो व्हाईटहेड आणि तोंड उघडं राहिलं तर काळा ठिपका दिसतो तो ब्लॅकहेड. तो काळा रंग मळाचा नाही बरं का, तो आपल्याच कातडीच्या मेलॅनिनचा आणि हवा लागून बदललेल्या तेलाचा असतो, म्हणून दिवसातून सहा वेळा साबण लावून घासला तरी तो निघत नाही, कातडी मात्र सोलून निघते.

ह्या बंद नळीत तेल भरपूर आणि हवा कमी, आणि क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाच्या जिवाणूला नेमकं हेच मानवतं. हा बाहेरून लागलेला जंतू नाही, तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या कातडीवर तो आधीपासून असतोच, त्यामुळे पिंपल एकाचे दुसऱ्याला लागत नाहीत, भावाचा टॉवेल वापरल्याने नाही, बाकावर शेजारी बसल्यानेही नाही. तो वाढला की शरीर त्याच्यावर तुटून पडतं, जागा लाल होते, दुखते, पू धरते. सूज खोल गेली, नळी आतल्या आत फुटली की मोठ्या दुखऱ्या गाठी होतात आणि त्याच गाठी पुढे खड्डे सोडून जातात.

म्हणजे चार गोष्टी झाल्या, तेल वाढणं, तोंड बंद होणं, जिवाणू वाढणं आणि सूज. पिंपलचं कुठलंही खरं औषध ह्या चारपैकी एखाद-दोन गोष्टींवर काम करतं, पाचवी जादू काही नाही.

आणि आता वेळेचं बघा, कारण सगळा घोटाळा वेळेतच आहे. नळीचं तोंड बंद व्हायला सुरुवात झाली की लगेच काही दिसत नाही. डोळ्याला दिसेल असा पिंपल तयार व्हायला साधारण आठ आठवडे जातात. म्हणजे आज गणपतीत जो पिंपल नाकावर आलाय त्याची तयारी आषाढातच सुरू झालेली होती. आणि आज चेहऱ्यावर जी जागा स्वच्छ दिसतेय तिथे पुढच्या दोन महिन्यांचे पिंपल आत आधीच तयार होत बसलेले आहेत. म्हणून डॉक्टर सांगतात की क्रीम पूर्ण चेहऱ्याला लावा, फक्त फोडावर ठिपका देऊ नका, कारण औषध आजच्या पिंपलसाठी कमी आणि न दिसणाऱ्यांसाठी जास्त असतं. आणि म्हणूनच फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. पहिल्या महिन्यात तर उलट वाढल्यासारखंही वाटतं, आणि नेमकं तेव्हाच पोरं औषध सोडतात, तिसऱ्या आठवड्यात येऊन म्हणतात 'काहीच फायदा नाही, दुसरं द्या'. असं करत करत वर्षभरात पाच औषधं होतात आणि एकही पूर्ण होत नाही, मग घरचे म्हणतात ह्याला काही लागूच पडत नाही. लागू पडलं असतं हो, वेळच दिला नाही.

आता ती तीन दिवसांची ट्यूब. तिच्यात बहुतेक वेळा स्टिरॉईड असतं. स्टिरॉईड सूज झपाट्याने दाबतं आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं, त्यामुळे लाली जाते, फोड बसतो, चेहरा जरा उजळ पण वाटतो, आणि पोरगी खूश. पण नळीचं बूच तसंच आहे, तेल तसंच आहे, वरून कातडीची तिथली लढायची ताकद कमी झाली. दोन-तीन आठवडे, महिना असं लावत राहिलं की कातडी पातळ व्हायला लागते, गालावर लाल बारीक शिरा दिसतात, उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो, गालावर हनुवटीवर बारीक लव वाढते आणि एकसारखे लाल दाणे येतात जे स्वतः स्टिरॉईडचेच पिंपल असतात. मग घाबरून ट्यूब बंद केली की दोन-चार दिवसात आग आग, खाज, लालभडक, सगळं दुप्पट होऊन परत येतं. परत लावली की शांत. इथे माणूस अडकतो, त्याला वाटतं ही ट्यूब म्हणजे माझं औषध आहे, हिच्याशिवाय चेहरा राहतच नाही. आपल्या देशात हे इतकं पसरलंय की त्वचेच्या डॉक्टरांनी ह्या अवस्थेला वेगळं नावच दिलं, टॉपिकल स्टिरॉईड डॅमेज्ड फेस, म्हणजे मलमातल्या स्टिरॉईडने बिघडलेला चेहरा. डॉक्टरांच्या संघटनेने बरीच वर्षं आरडाओरड केली तेव्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉईड मलमं शेड्यूल एच मध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कायदा झाला, पण ट्यूब अजून मिळते, किराणा दुकानात मिळते, पार्लरमध्ये बिना लेबलच्या डबीत मिळते, आणि घरात कोणाला गजकर्ण झालं तेव्हा आणलेली अर्धी ट्यूब तर कपाटात असतेच, तीच पोरगं आरशासमोर उभं राहून पिंपलला लावतं. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण चौदा-पंधरा वर्षांच्या लेकराला ह्यातलं काहीच माहीत नसतं आणि मोठ्यांनी ते माहीत करून घेतलेलं नसतं.

म्हणून ट्यूब उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा, मोबाईलने फोटो काढून मोठं करून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, ह्यापैकी एकही नाव दिसलं तर ती पिंपलची ट्यूब नाही, कोणीही दिली असली तरी. ती नावं त्या औषधांच्या जागी चांगलीच आहेत, एक्झिमाला, सोरायसिसला डॉक्टर देतात आणि द्यायलाच पाहिजे, पण पिंपलवाल्या चेहऱ्यावर नाही. गोरं होण्याच्या काही क्रीममध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोईनबरोबर हेच स्टिरॉईड मिसळलेलं असतं, त्यामुळे 'आम्ही पिंपलची नाही, उजळायची क्रीम लावतो' हे उत्तर उपयोगाचं नाही, ती पण वाचा. आणि ज्या डबीवर काहीच लिहिलेलं नाही ती तर घरात ठेवू नका, अशा उजळवणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे आणि पाऱ्याने किडनी खराब होते. कोणी महिनोन्‌महिने स्टिरॉईडची ट्यूब लावत असेल तर घाबरून एकदम बंद करण्याआधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, त्यातून बाहेर काढायची पद्धत असते, त्रास होतो पण चेहरा सावरतो.

आता आपल्याकडच्या समजुती. 'अंगात उष्णता झालीय' हे पहिलं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा उष्णता सगळ्यांच्याच अंगात असते, पण पिंपल सगळ्यांना येत नाहीत आणि थंडीत जातही नाहीत. घामाने आणि घट्ट कपड्याने आधीच असलेले पिंपल चिघळतात हे खरं, पण मूळ कारण ऊन नाही. दुसरं, पोट साफ नाही म्हणून. पोट साफ असणं चांगलंच, पण त्यासाठी रोज चूर्ण घेऊन जुलाब करून घेतल्याने केसाच्या नळीचं तोंड उघडत नाही. तिसरं, रक्त खराब आहे. रक्त शुद्ध करायच्या बाटल्या आमच्याकडे लोक हक्काने मागतात, पण पिंपल रक्तात नसतो, कातडीतल्या त्या नळीत असतो. आणि एक गोष्ट पोरं कोणालाच विचारत नाहीत पण मनात धरून बसतात म्हणून स्पष्ट लिहितो, हस्तमैथुनाने पिंपल येत नाहीत. लग्न झाल्यावर ते जातात हेही खरं नाही, वय वाढतं म्हणून पुष्कळांचे कमी होतात, लग्नाचा काही संबंध नाही.

खाण्याचं थोडं खरं आहे, थोडं नाही. आमच्याकडची शेवभाजी, भरीत, फौजदारी डाळ हे तिखट तेलकट म्हणून लगेच गुन्हेगार ठरतं, पण तिखटाने किंवा भाजीवरच्या तर्रीने पिंपल येतात असा पक्का पुरावा नाही. केळीबद्दल तर इतके जण विचारतात की नवल वाटतं, केळीच्या जिल्ह्यात राहून केळी सोडायची काही गरज नाही, खा. ज्याचा संबंध दिसून आलाय ते म्हणजे रक्तातली साखर झटकन वाढवणारे पदार्थ, कोल्ड्रिंक, बिस्किटं, मैद्याची खारी, पॅकेटातला ज्यूस, मिठाई, आणि काही जणांमध्ये दूध. आणि जिममध्ये जाणाऱ्या पोरांची ती व्हे प्रोटीनची पावडर, ती दुधापासूनच बनते, तिने छाती-पाठीवर भरभरून पिंपल आलेली पोरं डॉक्टर रोज बघतात. मैद्याच्या नाश्त्यापेक्षा कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी कधीही बरी. पण लक्षात घ्या, खाणं बदलून थोडा आधार मिळतो, त्याच्या भरवशावर औषध टाळू नका, आणि वाढत्या वयाच्या पोरीचं दूध-तूप सगळं बंद करून तिला हाडकुळी करू नका.

तेल मात्र दुसऱ्या वाटेने आडवं येतं. डोक्याला. आपल्याकडे आई रविवारी चांगलं चोपडून तेल लावते, ते रात्रभर कपाळावर ओघळतं, उशीला लागतं, उशीचं गालाला लागतं, आणि कपाळावर केसांच्या रेषेजवळ बारीक बारीक दाणे भरतात. तेल लावू नका म्हणत नाही, आई मला मारेल, पण धुवायच्या आधी तास-दोन तास लावा, रात्रभर नको, आणि कपाळ पुसून घ्या. पोरांच्या हेअर जेलचं पण तेच. दुसरं म्हणजे तोंडाला बांधायचा स्कार्फ. आपल्या उन्हात तो बांधायलाच पाहिजे, पण घामाने भिजलेला तोच स्कार्फ आठवडाभर बॅगेत कोंबून रोज गालावर आवळला तर घासण्याने आणि घामाने हनुवटीचे पिंपल वाढतात, म्हणून सुती घ्या, दोन ठेवा आणि रोज धुवा. हेल्मेटच्या पट्ट्याचं सुद्धा तसंच आहे, पट्टा पुसून घ्या, हेल्मेट सोडू नका.

टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा, लसणाची पाकळी, हे चेहऱ्याला लावायचे पदार्थ नाहीत. कातडी भाजते आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर भाजलेल्या जागेचा काळा डाग कित्येक महिने राहतो. फोडायचं पण तेच, नखाने दाबलं की अर्धा पू बाहेर येतो आणि अर्धा आत खोल जातो आणि तिथेच खड्डा पडतो. हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे ते मला माहीत आहे, विशेषतः परीक्षेच्या दिवसात हात आपोआप जातो, मग निदान नखं कापून ठेवा.

मग करायचं काय. चेहरा दिवसातून दोनदा साध्या सौम्य फेसवॉशने धुवा, घासणी, स्क्रब, ब्रश काही नको. थोडे दाणे, थोडे फोड असतील तर दोन औषधांवर जगभर सगळ्यात जास्त भर आहे, बेन्झॉईल पेरॉक्साईड आणि ॲडापॅलिन. बेन्झॉईल पेरॉक्साईड जिवाणू मारतं आणि ह्याला जिवाणू सरावत नाही हे त्याचं मोठेपण. २.५ टक्क्याचं जेल ५ किंवा १० टक्क्याच्या जवळपास तेवढंच काम करतं आणि आग कमी करतं, म्हणून जास्त आकड्याच्या मागे लागू नका. एक जपायचं, ते कपड्याचा रंग उडवतं, कॉलेजचा नवा शर्ट किंवा आईची चांगली चादर गेली म्हणून समजा, पांढरा टॉवेल आणि पांढरी उशी वापरा. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात ते पत्र्याच्या घरात खिडकीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, उष्णतेने त्यातून बेन्झीन तयार होऊ शकतं आणि ते शरीराला वाईट. थंड सावलीच्या जागी ठेवा, जुनी ट्यूब फेकून द्या.

ॲडापॅलिन हे व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं, ते नळीच्या तोंडाचं बूच बसूच देत नाही, म्हणजे मुळावर काम करतं. हे रात्री लावायचं, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याच्या दाण्याएवढं, डोळे-ओठ-नाकाचे कोपरे सोडून. जास्त लावलं तर पिंपल लवकर जात नाहीत, सालं निघतात फक्त. सुरुवातीला एक दिवसाआड लावा, वरून साधं मॉइश्चरायझर लावा, तेलकट चेहऱ्याला पण मॉइश्चरायझर लागतं, जेलवालं घ्या. पहिले दोन-चार आठवडे कोरडेपणा, लाली, चुणचुण होते, ती सहन होईल इतपत असेल तर थांबू नका. दिवस असताना किंवा राहण्याची शक्यता असताना हे लावायचं नाही. क्लिंडामायसिन जेल सगळ्यांना माहीत असतं कारण ते आग करत नाही, पण ते अँटिबायोटिक आहे, एकटंच महिनोन्‌महिने लावलं की जिवाणू सरावतो, ते बेन्झॉईल पेरॉक्साईडबरोबरच लावायचं. डागांचा जास्त त्रास असेल तर ॲझेलेइक ॲसिड चांगलं, ते पिंपल आणि डाग दोन्हीवर चालतं.

लाल फोड जास्त असतील, छाती-पाठीवर पसरले असतील तर डॉक्टर पोटात घ्यायला डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण तीन महिन्यांपर्यंत, आणि बरोबर वरची क्रीम चालू ठेवायला सांगतात म्हणजे गोळी बंद झाली तरी ते सहसा परत येत नाहीत. ही गोळी बसून किंवा उभं राहून पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत चिकटून तिथे जखम करते, छातीत इतकं दुखतं की माणसं घाबरून जातात. उन्हाने चेहरा लवकर भाजतो हेही लक्षात ठेवा, शेतात कापूस वेचायला किंवा ग्राउंडवर जाणार असाल तर टोपी, स्कार्फ पाहिजेच.

आणि मग आयसोट्रेटिनोईन, ज्या गोळीबद्दल सगळ्यात जास्त भीती आणि सगळ्यात जास्त बेफिकिरी दोन्ही एकाच वेळी आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये तिला मंजुरी मिळाली, म्हणजे नवीन काही नाही, आणि खोल गाठी, खड्डे पडणारे पिंपल ह्यावर तिच्यासारखं दुसरं औषध नाही, कारण ती तेलाच्या ग्रंथीच आकसवते. वजनाप्रमाणे डोस काढून काही महिने देतात, ओठ तर सगळ्यांचेच फुटतात, लिव्हर आणि चरबीची रक्ततपासणी करावी लागते, मूड फार उतरला तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. ही गोळी चालू असताना गर्भ राहिला तर बाळात गंभीर व्यंग येण्याचा मोठा धोका असतो, म्हणून गोळी चालू असताना आणि बंद झाल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये, आणि तेवढे दिवस रक्तदानही करायचं नाही, मुलांनी सुद्धा. पण आया जे विचारतात की 'पुढे पोरीला मूल होईल ना', तर हो, गोळी बंद करून महिना गेल्यावर तिचा पुढच्या गर्भावर परिणाम राहत नाही. ह्या भीतीपायी पोरीच्या चेहऱ्यावर कायमचे खड्डे पडू देऊ नका. मात्र ही गोळी मैत्रिणीच्या पाकिटातून दोन-दोन करून खायची नाही, ती चिठ्ठीवरचीच गोळी आहे.

काही वेळा पिंपलच्या मागे दुसरं काही असतं. मुलीची पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर जाड केस येतात, वजन वाढतंय आणि पिंपल जबड्याच्या रेषेवर जास्त आहेत तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी जोडलेला हार्मोनचा बिघाड, आहे का ते बघावं लागतं. कपाळ, छाती, पाठीवर एकसारखे बारीक दाणे आणि खूप खाज असेल तर ते पिंपल नसून बुरशीचे दाणे असू शकतात, त्याला पिंपलची औषधं चालतच नाहीत, अँटिबायोटिकने तर वाढतात. टीबीच्या गोळ्या, फिटच्या काही गोळ्या, जिममध्ये कोणीतरी दिलेलं इंजेक्शन, ह्यानेही येतात, म्हणून डॉक्टरांना सगळं खरं सांगा.

एक मनातलं सांगतो. १२ ते २४ वयाच्या साधारण ८५ टक्के मुलामुलींना कमी-जास्त पिंपल येतातच, पण ज्याला येतात त्याला वाटतं फक्त मलाच. आणि आपल्याकडे लग्नकार्यात भेटलेली प्रत्येक मावशी, काकू, आत्या पहिलं वाक्य हेच बोलते, 'माय वं, तुना तोंडले काय व्हयनं?' म्हणजे तुझ्या तोंडाला काय झालं. तिच्या मनात माया असते हे मला माहीत आहे, पण ते लेकरू त्या दिवसापासून फोटोत यायचं बंद करतं, मान खाली घालून बोलतं, कधी कॉलेजच बुडवतं. पिंपलमुळे पोरं खरंच नैराश्यात जातात, हे लाड नाहीत. बाप म्हणतो 'वयाचं आहे, जाईल आपोआप', आणि पुष्कळांचे जातातही, पण जाईपर्यंत चार-पाच वर्षं निघून जातात आणि खड्डे मागे राहतात. पोराच्या तोंडावर बोलण्यापेक्षा त्याला हळूच विचारा, काय काय लावलं आहे आतापर्यंत, दाखव बरं.

डाग आणि खड्डा ह्यात फरक आहे. हात फिरवून जागा सपाट लागत असेल तर तो डाग, तो महिन्या-महिन्यांनी का होईना फिका पडतो, त्याला सगळ्यात मोठी मदत सनस्क्रीनची, एसपीएफ ३० किंवा जास्त, जेलवालं, कारण आपल्या उन्हाने तो गडद होत राहतो. बोटाला खोलगट लागलं तर तो खड्डा, तो क्रीमने भरत नाही, त्यासाठी मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं), लेझर, सबसिजन (सुईने खड्ड्याखालची कातडी सोडवणं) असे उपचार असतात आणि ते नवीन पिंपल यायचे थांबल्यावरच करतात. खर्चाचे असतात, म्हणूनच खड्डा पडण्याआधीचं औषध स्वस्त पडतं.

वर सांगितलेली क्रीम-जेल बारा आठवडे नीट लावूनही फरक नसेल तर, किंवा पहिल्याच दिवशी दुखऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील, स्टिरॉईडची सवय लागली असेल, किंवा पोरगं गप्प गप्प झालं असेल तर थांबू नका, थेट त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. खासगी परवडत नसेल तर धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचेची ओपीडी असते. औषधं महाग वाटली तर डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहून मागा आणि जनऔषधी केंद्रात विचारा. जाताना आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब, डब्या, गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी, कपाटातली ती गजकर्णाची अर्धी ट्यूब पण, आणि त्या दिवशी चेहऱ्याला काही लावून जाऊ नका, पावडर सुद्धा नाही, म्हणजे डॉक्टरांना कातडी जशी आहे तशी दिसेल.